दोन चपलांचे सरगर सर

आमच्या सरगर सरांच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला असतात. उजव्या पायात निळी, मऊ, आणि डाव्या पायात जुनी कोल्हापुरी. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी मऊ चप्पल घालायला सांगितली. सरांनी जोड आणला आणि त्यातली एकच घातली.

"दोन्ही पायांत घातल्यावर फरक चपलेनं पडला का हवेनं, कळंल का? एका पायाला कंट्रोल ठेवलाय."

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी शेजारी ठेवलेली माहितीतली गोष्ट. प्रयोगात ती लागतेच, पण सरांना ती सगळीकडे लागते. खानावळीतल्या मावशींनी एकदा नवा मसाला केला. सर आदल्या दिवशीची आमटी डब्यात घालून घेऊन गेले आणि दोन्ही वाट्या समोर ठेवून आळीपाळीनं भुरके मारू लागले. मावशी म्हणाल्या, "सर, जेवा की गप. का माझी परीक्षा घेताय?"

मिरजेतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली काम करते. पेशींचं विभाजन आवरून धरणारं पी-सत्तावीस नावाचं एक प्रथिन आहे. गाठींच्या नमुन्यांत ते शिल्लक आहे का, हे आम्ही मोनोक्लोनल अँटिबॉडी लावून बघतो. मी वडूजची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. पहिल्या दिवशी मी अँटिबॉडीची व्याख्या इंग्रजीत पाठ करून गेले होते. सरांनी अर्ध्यातच हात वर केला.

"ए वडूज, मेंढरामागं कवा गेलीस का?"

"नाही, सर."

"कुत्रं तरी बघितलंस न्हवं? गावातली समदी कुत्री एकदम भुंकली, तर चोर कोन आन् पाव्हना कोन, कळतंय का? मोनोक्लोनल म्हंजे एकच कुत्रं. त्याला एकाच मानसाचा वास ठावं. ते भुंकलं की मानूस घरात हाय. आपल्याकडं भुंकायच्या जागी तपकिरी रंग चढतोय, एवढंच. आन् पी-सत्तावीस म्हंजे ब्रेक. कोयनेच्या घाटात ब्रेक नसलेली गाडी बघितलीस का? न्हाई? बघूबी नको."

पुण्याहून पाहुणे आले की सर हेच कुत्रं इंग्रजीत सोडतात. माझ्या इंग्रजीला मात्र ते कधी हसले नाहीत. मी इथं टिकले ती त्यामुळेच.

अँटिबॉडीची एवढीशी बाटली ते बर्फात ठेवून, बाळंतिणीला जिना उतरवावा तशी जपून नेतात. त्या वेळी कुणी वाटेत आलं तर बाजूला होतं. चुकून नाही झालं तर पुन्हा वाटेत येत नाही.

सरांची थोरली बहीण आक्का आटपाडीकडची. तिनं मेंढरं राखून सरांना शिकवलं, आणि अजूनही ती राखते. छातीतली गाठ काढायला ती मिरजेला आली, आणि घरी परतायच्या दिवशी आमच्याकडे येऊन स्टुलावर बसली.

"ह्या चपलांपायी ह्याला कुनी पोरगी दिली न्हाई," तिनं मला सांगितलं. "सनाला ये म्हटलं तर म्हनतोय, काम हाय. कसलं काम रं?"

"सांगितलंय की तुला, आक्का. कुत्र्याचं."

"मग माझ्या गाठीवर सोड की तुझं कुत्रं. बघू काय म्हनतंय."

सर नको नको म्हणत होते, पण आक्कानं दवाखान्यात रीतसर संमती देऊन टाकली. तिचे उपचार यावर ठरणार नव्हते. ते डॉक्टरांनी आधीच ठरवले होते. मात्र ब्रेक शाबूत असलेली गाठ जरा सबुरीनं वागते, असा आमचा आजवरचा अंदाज. म्हणून सरांना रंग हवा होता. तो हवा आहे हे त्यांनाही पक्कं माहीत होतं.

म्हणून आक्काच्या आणि बाकीच्या नमुन्यांच्या काचा तयार झाल्यावर त्यांनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या पट्टीनं झाकल्या आणि वर फक्त त्यांनाच कळतील असे नंबर घातले.

"वडूज, तू बघ. मी बघितलं तर नसलेला रंगबी दिसंल मला."

ते माझ्याकडे पाठ करून लिहायला बसले. मी सूक्ष्मदर्शकातून बघत सांगत गेले. पहिली काच कंट्रोलची. केंद्रकं गडद तपकिरी, म्हणजे अँटिबॉडी नीट चालली होती. दुसरी मध्यम. तिसरी चांगली. चौथीत सगळी निळी निळी केंद्रकं, तपकिरी एकही नाही.

"रंग नाही, सर."

पेन थांबलं.

"परत बघ."

इतक्या दिवसांत सरांनी मला कधी परत बघायला लावलं नव्हतं. मी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. मलाही तो रंग हवासा झाला होता.

"नाही, सर."

"बरं. पुढची घे."

उरलेल्या काचा झाल्या. "हात बसला तुझा," एवढं म्हणून ते खिडकीशी गेले आणि त्यांनी फोन लावला. आक्काचा आवाज रानात हाका मारणाऱ्या माणसाचा. पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"जेवलीस का, आक्का?"

"ते ऱ्हाऊ दे. काय म्हनलं तुझं कुत्रं?"

"गप बसलं. पर ही आमच्या अभ्यासापुरती गोष्ट. डॉक्टर सांगत्यात ती औषधं चुकवायची न्हाईत."

"न्हाई चुकवत. येवढंच सांगायला फोन केलास व्हय?"

"रविवारी येतोय मी. ऱ्हाईन थोडं दिस."

"का रं? काय काम काढलंस?"

"काम काय न्हाई. उगंच. मेंढरं मी नेतो."

आक्का हसली. "तुला वळखनार हाईत व्हय ती?"

"न वळखू देत," सर म्हणाले. "तू बस."