चर्चसाठी धरलेली जागा

त्या जुन्या इटालियन शहरातली सगळी चर्च दर बुधवारी दुपारी एकमेकांना भेटायला जातात. नन्सची कॉन्व्हेंट तेवढी व्रतस्थ, जागची हलत नाहीत. म्हणून कोण कुठे गेलं याची नोंदवही त्यांच्याकडे असते.

सहलीच्या पत्रकात हे छापलेलं होतं. पण सुमतीबाई रेगड्यांनी ते चष्मा न लावताच वाचलं होतं. पाण्याची बाटली घेऊन त्या परतल्या, तर चर्चच्या जागी मोकळं पटांगण, आणि त्यांचे यजमान तर त्या चर्चच्या आत.

शेजारच्या कॉन्व्हेंटच्या खिडकीत सिस्टर फिलोमिना बसल्या होत्या, मूळच्या वसईच्या. त्यांनी वहीवरून बोट फिरवलं.

"नदीपलीकडे गेलंय. चारला येईल. आत कोण आहे?"

"आमचे हे. बाकावर डोळा लागला असणार."

"मग त्यांना कळणारही नाही. प्रश्न जागेचा आहे. स्टेशनजवळच्या नव्या चर्चचा तिच्यावर कधीपासून डोळा आहे. ते आधी येऊन बसलं, तर तुमचं चर्च डोंगरापलीकडच्या गावात जाईल. आतली माणसं मग त्याच गावची धरतात."

सकाळीच सुमतीबाई यजमानांना म्हणाल्या होत्या, "तुम्ही राहा एकदाचे इथेच." आता ते शब्द त्यांना आतून पोखरू लागले.

"जागेवर कुणी काही काढून ठेवलंय का?" सिस्टरांनी विचारलं. "तसं असेल तर जागा धरलेली मानतात."

या शहरात चर्चबाहेर कुणी पायताण काढत नाही. रेगडे मात्र सवयीने काढत, आणि "अहो, लोक हसतात," म्हणून रोज बोलणी खात. सुमतीबाई धावतच पटांगणात गेल्या.

मघाशी घाबरून त्यांनी खाली पाहिलंच नव्हतं. तपकिरी सँडल जोडीने ठेवलेले होते, मोजे आत खोचून. नवं चर्च दोन हातांवर अंग चोरून उभं होतं. नगरपालिकेचा माणूस वाकून सँडल तपासत होता. सुमतीबाईंनी एसटीत टाकतात तसा वर आपला रुमालही टाकला. माणसाने मान डोलावली. नवं चर्च मुकाट्याने स्टेशनकडे वळलं.

चारला जुनं चर्च आलं आणि पायरी सँडलला लागू न देता बेताने बसलं. रेगडे डोळे चोळत बाहेर आले.

"बराच वेळ लावलास गं पाण्याला."

"हो, लागला," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांना इतकं हायसं वाटलं, की बाटली त्यांनी आधी यजमानांच्याच हातात दिली.

पुढच्या चर्चच्या पायरीशी रेगड्यांनी सँडल काढले आणि बोलणी खायच्या तयारीने बायकोकडे पाहिलं. सुमतीबाई खाली वाकून आपल्या चपला त्या सँडलना खेटून ठेवत होत्या.