इयत्तेबाहेरचा अर्थ

आमच्या मुलीच्या शाळेत इंग्रजी शब्दाचा एका वर्षी एकच अर्थ शिकवतात. ‘लेफ्ट’ या शब्दाचे तीन अर्थ संस्थेने मंजूर केले आहेत. पहिलीला ‘डावा’, दुसरीला ‘उरलेला’ आणि तिसरीला ‘निघून गेला’. आणखी एखादा अर्थ निघालाच, तर तो परस्पर माध्यमिक विभागाकडे वर्ग होतो. कोवळ्या मेंदूत एका शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवले की ते भांडतात, असं संशोधन आहे. ते कुणी केलं, हे विचारायची पद्धत नाही.

मुंगी तेव्हा पहिलीत होती. हजेरी सोडली तर सगळीकडे ती मुंगीच. पुढचे दोन दात पडल्यापासून तिचा प्रत्येक शब्द थोडा वारा सोबत घेऊन बाहेर येतो. तर मधल्या सुट्टीत तिने डब्यात डोकावून बाकावरच्या मैत्रिणीला सांगितलं, “वन बिस्किट लेफ्ट. घे तू.”

मैत्रिणीने बिस्किट शाळेत संपवलं आणि अर्थ घरी नेला. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर तिच्या आईचा मेसेज आला. ‘काही पालक घरच्या घरी पुढच्या इयत्तेचे अर्थ देतात. बाकीच्यांच्या मुलांनी काय करायचं?’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी एक इस्त्रीतले गृहस्थ बसले होते. ते अर्थ-समन्वयक. पैशांशी आपला संबंध नाही, ते पलीकडच्या खोलीत भरतात, असा खुलासा त्यांनी आपण होऊन केला.

“हा अर्थ हिला दिला कुणी?” बाईंनी विचारलं.

“दिला असा नाही. डब्यात बिस्किट उरलं होतं, तेव्हा मी सहज बोलून गेले.”

“कोणत्या अधिकारात?”

“अहो, मी आई आहे तिची!”

“ते आम्ही नाकारत नाही,” समन्वयक समजुतीच्या सुरात म्हणाले. “पण तुम्ही कितवीच्या आई आहात?”

“पहिलीच्या,” मी म्हटलं. माझा आवाज आपोआप खाली आला.

“मग दुसरीचा अर्थ तुमच्याकडे आलाच कसा?”

मी पदवीपर्यंत शिकले, हे सांगितलं असतं तर प्रकरण आणखी चिघळलं असतं.

चौकशी पुढे सरकली तेव्हा समजलं, की गणिताचे सरही वर्गात ‘पाच पेन्सिलींमधून दोन दिल्या, किती लेफ्ट?’ असं विचारतात. सरांना समज मिळाली आणि पहिलीची वजाबाकी पुढील आदेशापर्यंत थांबवण्यात आली. मुलं आता नुसती बेरीज करतात. सगळ्यांच्या पेन्सिली वाढतच चालल्या आहेत आणि पालक खूश आहेत.

मुंगीचं मात्र अडलं. तो अर्थ ती पूर्ण विसरली आहे, हे तोंडी परीक्षेत सिद्ध होईपर्यंत तिला दुसरीत बसवणार नव्हते.

घरी येऊन बूट काढता काढता तिने विचारलं, “म्हणजे सगळे वर जाणार आणि मी एकटीच खाली?” एक मोजा तिच्या हातात, एक पायात. मी तिला उचलून घेतलं आणि ठरवलं, विसरायचं. कसंही करून विसरायचं.

रोज स्वयंपाक उरकला, की मी तिच्यासमोर बशीत एक बिस्किट ठेवायची. “मुंगे, लेफ्ट म्हणजे काय?”

“उरलेलं.”

“नाही ना गं!”

“बरं, डावं. पण हे तर मधोमध आहे.”

तिचे बाबा दारातून बघत होते. “अगं, जे विसरायचंय त्याची रोज उजळणी घेतेस तू. दुसरं काही विसरेल, हे नाही विसरणार.”

“मग तू विसरायला लाव!”

“मला जमलं असतं तर मी माझं ऑफिस नसतं विसरलो?” असं म्हणून त्यांनी परीक्षेचं साहित्य उचलून खाल्लं.

मुंगी रिकाम्या बशीकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, मला येतंय हे त्यांना कळायला नको, एवढंच ना?”

मी माझ्या चेहऱ्यावरचं सगळं काढून टाकून तिला दाखवलं. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. भुवया जागच्या जागी. मान अगदी थोडी कललेली, मोठ्यांचं पटतंय असं वाटण्याइतकी. तिने ते एका दमात उचललं.

परीक्षेत समन्वयकांनी बशी पुढे केली. मुंगीने बिस्किटाकडे त्या रिकाम्या डोळ्यांनी पाहिलं आणि शांतपणे मान डावीकडे वळवली. तिकडे कपाट होतं. तिने कपाटाकडे बोट दाखवलं.

“उत्तम!” बाई भारावून म्हणाल्या. “काही म्हणजे काही शिल्लक नाही!”

मुंगी दुसरीत गेली. ‘उरलेला’ हा अर्थ वर्गातल्या बाईंनी फळ्यावर लिहिला, तेव्हा तिने एवढ्या जोरात ‘हो?’ केलं, की तिला आकलनासाठी शाबासकीचं बक्षीस मिळालं.

परवा दुसरीच्या पालकांची सभा झाली. मुंगी माझ्या शेजारी बसली होती. समन्वयकांनी जाहीर केलं, “आपल्या पाल्यांनी ‘उरलेला’ आत्मसात केला आहे. तेव्हा एका वर्षी एक अर्थ या नियमानुसार ‘डावा’ आता परत घेण्यात येत आहे. कवायतीत मुलं यापुढे उजवीकडेच वळतील. कुणाला काही शंका?”

सभागृहात डॉक्टर होते, वकील होते, एक इंजिनिअर तर माझ्या पुढेच बसले होते. पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाचाही हात वर नव्हता. सगळ्यांचे डोळे उघडे, भुवया जागच्या जागी, मान अगदी थोडी कललेली.

माझा हात मांडीवरून जरा हलला. तेवढ्यात इंजिनिअरांनी मागे वळून पाहिलं आणि माझ्या त्या हाताने नुसता पदर सारखा केला.

मुंगीने खालून माझा चेहरा निरखला. मग अगदी प्रेमाने, वाऱ्यासकट, माझ्या कानात म्हणाली, “आई, छान जमतंय तुला. फक्त डोळे अजून थोडे रिकामे कर.”

मी केले. तुमचे केव्हाच झालेत, हे वाचता वाचताच. राहू द्या तसेच, शोभून दिसतात.