तेल-गिरणीची नापसंती

निपळूर नगरपालिकेत धोकादायक इमारती पाडायचं काम 'खरूज' नावाच्या बँडकडे आहे. जुन्या गावातल्या गल्ल्यांत पोकलेन शिरत नाही, म्हणून तसा ठराव झाला आणि तो एकमताने झाला. बँडमध्ये तिघं आहेत. रजनी तोडकर गाते, म्हणजे ओरडते. इरफान मुजावर गिटार वाजवतो आणि सुकुमार उपाध्ये ड्रम बडवतो. तिघांचीही पन्नाशी जवळ आली आहे. इमारतीसमोर उभं राहून ते वाजवू लागले, की साधारण तिसऱ्या गाण्याला इमारत खाली बसते. बांधकाम निकृष्ट असेल तर दुसऱ्यालाच.

गाण्यांना चाल वगैरे नसते. 'थू' नावाचं एक गाणं आहे, त्यात रजनी समोरच्या एकेकाला नीट निरखून शिव्या घालते. 'गटार'मध्ये नुसता गिटारचा करकराट, पत्र्यावरून खिळा ओढावा तसा. लोक कानात कापसाचे बोळे घालून येतात आणि पहिलं गाणं संपायच्या आत ते काढून खिशात टाकतात. धूळ खाली बसली की ज्यांचं घर पडलं तेच "आणखी एक होऊन जाऊ द्या" म्हणतात. त्यांना एवढं काय आवडतं, हे रजनीला कधी कळलं नाही. सुकुमारला मात्र कळल्यासारखं वाटे.

"दिवसभर जो तो गोड बोलून गळा कापतोय," तो म्हणे. "आपण तेवढं तोंडावर बोलतोय."

यंदाच्या यादीत बंद पडलेल्या सहकारी तेल-गिरणीची तीन मजली इमारत आली. ती रस्तारुंदीकरणाच्या बरोबर मध्ये येत होती. अडचण एवढीच, की बँडचा सराव तिच्याच तिसऱ्या मजल्यावर चालायचा, रजनी कॉलेजात होती तेव्हापासून. घरी आवाज चढला की वडील डोळे वटारत. कॉलेजात बाई म्हणत, मुलीच्या जातीला हे शोभत नाही. निपळुरात या एकाच जागेनं तिला कधी 'हळू' म्हटलं नव्हतं. रजनीचा त्या इमारतीवर जीव होता. पण नोकरी ती नोकरी, तेव्हा ठरल्या दिवशी तिघांनी गल्लीत सामान लावलं आणि सुरुवात केली.

तिसरं गाणं झालं, सातवं झालं, विटेचा तुकडा पडला नाही. उलट इतकी वर्षं झुकलेला सज्जा हळूहळू वर आला आणि आपल्या जागी बसला. ज्या चिरांत हात जायचा त्या मिटून गेल्या. इमारत इतकी ताठ उभी राहिली, की समोरच्या हार्डवेअरवाल्यानं आपलं दुकान तिथं हलवायची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी बांधकाम विभागाचे अभियंता भोकरे पाहणीला आले. त्यांनी भिंतीवर थाप मारून बघितली.

"तोडकरबाई, हे काय? तुम्हाला पाडायला पाठवलं, तुम्ही डागडुजी करून बसलात."

"तिला आमची सवय झालीय साहेब," रजनी म्हणाली.

"सवय न्हाई," सुकुमार म्हणाला. "आवड हाय तिला."

भोकऱ्यांनी 'आवड' हा शब्द अहवालात जसाच्या तसा घेतला. मग त्यावरून पुढचा निष्कर्ष काढला, की आवडतं ऐकून जी उभी राहते, ती नावडतं ऐकून पडेल. त्यांनी सुगम संगीताच्या क्लासचे मास्तर आणवले. मास्तरांनी पेटी घेऊन दोन तास भावगीतं म्हटली. इमारतीनं ती ऐकून घेतली. काहीच झालं नाही.

"परक्यानं गोड म्हटलं तर मनाला लागत नाही," भोकरे रजनीला म्हणाले. "ते तुम्हीच म्हणायला पाहिजे."

"मला गोड येत नाही."

"येतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्हाला पहिलं बक्षीस होतं. मी चौकशी केलीय."

हे खरं होतं आणि तिनं ते इतकी वर्षं बँडपासूनही लपवलं होतं. इरफाननं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"रजे, एकच गाणं म्हण," तो म्हणाला. "तिघांची नोकरी हाय. माझी पोरगी आत्ता कुठं नर्सिंगला लागलीय."

रजनीनं होकार दिला. गल्लीत गर्दी झाली. इरफाननं गिटारीऐवजी पेटी धरली, सुकुमार हात बांधून उभा राहिला. रजनीनं डोळे मिटून चांदण्याचं, सख्याचं आणि पारिजातकाचं एक गाणं सुरू केलं. आवाज अजून सुरेल होता. गर्दीत कुणी दाद दिली नाही. पहिल्या कडव्याला इमारतीच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या.

दुसऱ्या कडव्याला इमारत उठली. आधी जिन्याकडची बाजू उचलली गेली, मग दर्शनी. पडतेय असं वाटून लोक मागे सरले, पण ती पडली नाही. कार्यक्रम न आवडलेली माणसं उठून जातात तशी ती वळली, सगळ्यांकडे पाठ केली आणि गल्लीतून अंग चोरत निघाली. कुणाच्या वायरीला तिचा धक्का लागला नाही.

"थांबू नका, गात राहा!" भोकरे ओरडले. "हद्दीबाहेर जाऊ द्या!"

रजनीनं माईक टाकला आणि ती मागे धावली. पार नाक्यापर्यंत धावली. तिनं येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या, पण इमारतीनं वळून बघितलं नाही. रजनी रस्त्यातच बसली आणि ढसाढसा रडली. इकडे भोकऱ्यांनी 'अडथळा दूर' असा शेरा मारला आणि मोजणीवाल्यांना बोलावलं.

इमारत आता निपळूरच्या वेशीबाहेर बिरनाळे नावाच्या शेतकऱ्याच्या उसात उभी आहे. ती जागा जिल्हा परिषदेकडे येत असल्यामुळे नगरपालिकेला काही करता येत नाही. पाण्याची मोटर ठेवायला बरी, म्हणून बिरनाळ्यांचीही तक्रार नाही. बँडची नोकरी टिकली, आणि यादीतल्या बाकीच्या इमारती पहिल्यासारख्या पडतात.

रविवारी तिघं टेम्पोत सामान घालून उसाच्या बांधावर जातात. इमारतीची पाठ गावाकडे आहे आणि ती भिंत बिनखिडकीची, सपाट आहे, कारण पूर्वी तिला लागून पेंडीची पोती रचलेली असायची. तिच्यासमोर जनरेटर लावून ते 'थू' वाजवतात. माफी मागायची तर गोड बोलावं लागलं असतं, म्हणून रजनीनं ती मागितली नाही.

"चल आता," इरफान दर वेळी म्हणायचा. "कोण ऐकत न्हाई हितं."

"तू वाजव," रजनी म्हणायची.

गेल्या रविवारी त्या सपाट भिंतीत एक खिडकी आली. लहानच होती, न्हाणीघराला असते एवढी, आणि बंद होती. सुकुमारनं वाजवता वाजवता काठीनं ती दाखवली. रजनी उसाच्या सरीत उतरली, खिडकीखाली जाऊन उभी राहिली आणि तिनं छाती भरून एक अत्यंत घाणेरडी शिवी दिली.

आतून कडी निघाली.