बेलीफाच्या दाराचं कुलूप

घराच्या विम्याचा फॉर्म आपला आपणच भरायचा, असं सर्जेरावांनी ठरवलं आणि तिथंच घोटाळा झाला.

नाव, पत्ता, विटांच्या भिंती, वर स्लॅब, इथपर्यंत पेन सुरळीत चाललं. पुढच्या रकान्यात विचारलं होतं, ‘मुख्य दाराच्या कुलपाचा प्रकार’. सर्जेरावांनी लिहिलं, ‘चांगला’.

(अंबडच्या कोर्टात तीस वर्षं बेलीफ म्हणून त्यांनी लोकांच्या दारांना कुलपं ठोकली होती. कुलपांतलं आपल्याला कळतं, याबद्दल निदान त्यांना स्वतःला तरी शंका नव्हती.)

दुसऱ्या दिवशी विमा एजंट देवानंद घर बघायला आला आणि दारातच थबकला.

“काका, नुसतं ‘चांगला’ चालत न्हाई. लॅच हाय का, दाराच्या पोटात बसवलेलं हाय का, लिव्हर किती, सगळं लिहावं लागतं.”

“लिव्हर म्हंजी?”

“कुलपाच्या आतल्या पट्ट्या. जितक्या जास्त, तितकं फोडायला अवघड.”

“कडी, कोयंडा अन् पितळी कुलूप. लिही.”

“लटकतं कुलूप कंपनीला चालत न्हाई, काका. दारात बसवलेलं, पाच लिव्हरचं पाह्यजे. बदलून घ्या.”

सर्जेरावांनी कुलपाकडं पाहिलं. घर बांधलं त्या साली त्यांच्या पत्नीनं, वंदनाबाईंनी, ते जालन्याहून आणलं होतं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली होती.

“हे कुलूप निघणार न्हाई.”

“मंग पॉलिसीबी निघणार न्हाई.”

आणि पॉलिसी निघाली नाही तर पुण्याला राहायला यायचं, असा मुलीचा, तृप्तीचा हुकूम होता. “तुम्ही एकटे, घर असं उघड्यावर, मला झोप लागत नाही,” असं तिचं म्हणणं. (तिचा फ्लॅट नवव्या मजल्यावर होता. तिथल्या लिफ्टनं सर्जेरावांना दोनदा परक्याच्या दारात नेऊन सोडलं होतं.) इथं त्यांचं एकट्याचं उत्तम चाललं होतं. दूध कधी नासलं नव्हतं. कपड्यांच्या घड्या आपण कधी घातल्या हे आठवत नसे, पण घातलेल्या असत. आणि वंदनाबाईंनी घातलेलं कैरीचं लोणचं ते इतकं बेतानं खात होते, की बरणी अजून निम्म्याखाली गेली नव्हती.

त्यांनी दाराला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि ते ओट्यावर बसले.

“उघडून दाखव. अर्धा तास देतो.”

देवानंद बिचारा विमा विकायला आला होता, चोरी करायला नव्हे. तरी त्यानं तार घातली, स्क्रू ड्रायव्हर घातला, घाम गाळला. गल्ली गोळा झाली. सर्जेराव जप्तीचा हुकूम वाचावा तशा आवाजात म्हणाले, “तीस वर्षं कुलपं लावली हायेत मी. लिव्हर शिकवतो मला!”

तेवढ्यात समोरच्या घरातून द्वारकाबाई झाकलेला वाडगा घेऊन आल्या.

“सरका बरं जरा.”

त्यांनी वाडगा डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं कुलूप खाली ओढलं आणि त्यावर दोन गुद्दे घातले. कुलूप उघडलं. त्या आत गेल्या आणि रिकाम्या हातानं बाहेर आल्या.

गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. सर्जेराव मात्र ओट्यावरून उठून उभे राहिले.

“द्वारकाबाई, हे काय?”

“काय म्हंजी? आसंच तर उघडतंय. वहिनींनीच शिकवलं सगळ्यांला.”

“मंग चावी कशाला?”

“चावी तुमच्यासाठी की, दादा.”

एकेक उलगडत गेलं. सर्जेराव फिरायला गेले, की शेजारच्या पुष्पाबाई येऊन दूध तापवून जात. गल्लीतलीच भावना कपड्यांच्या घड्या घाली.

“अन् तुम्ही?”

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. “लोणचं. वहिनींचं तर सहा महिन्यांतच सरलं व्हतं, दादा. तुम्ही जेवताना त्यांचं नाव काढायचे, मंग सांगवंना.”

सर्जेरावांनी कोयंड्यातलं कुलूप काढून हातात घेतलं.

“काका,” देवानंद हळूच म्हणाला, “आता तरी पाच लिव्हर?”

सर्जेरावांनी फॉर्म ओढून घेतला. ‘चांगला’ खोडून खाली लिहिलं, ‘लटकता. लिव्हर माहीत नाही. सगळ्या गल्लीला उघडतो. आजवर घरातून काही गेलेलं नाही, उलट आलेलंच आहे. बदलणार नाही.’ आणि खाली कोर्टातली लफ्फेदार सही ठोकली.

“कंपनी नामंजूर करंन.”

“करू दे. पाच लिव्हर लावल्यावर दूध काय तुझी कंपनी तापवंन?”

मग त्यांनी तृप्तीला फोन लावला. “विमा होणार न्हाई. कुलूप बदलणार न्हाई. पुण्याला येणार न्हाई. लिहून घे.” आणि सगळी हकीकत सांगितली.

पलीकडून हसू आलं.

“बाबा, मला पाचवीपासून येतं ते. आई म्हणायची, फक्त तुझ्या बाबांना सांगू नको. ते लगेच नवं कुलूप आणतील.”

“असं म्हणायची?”

“हो. आणि घरात इतक्या जणींची ये-जा असते, हे आधी नाही का सांगायचं? मी उगाच घोर लावून घेतला. राहा तिथंच.”

“आधी कसं सांगणार? मलाच आज कळलं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्जेराव बाजारातून आले. चावी खिशात होती. ती तिथंच ठेवून त्यांनी छाती पुढं काढली, कुलूप खाली ओढलं आणि दोन गुद्दे घातले. कुलूप हललं नाही. आणखी दोन घातले. मग चार. हात सुजला.

समोरच्या ओट्यावरून द्वारकाबाई म्हणाल्या, “दादा, राहू द्या. तुम्ही आपली चावी लावा.”