शून्य मधातच आहे

आमचे नाकाडे सर पत्ता विचारतात तेव्हा डावं-उजवं ऐकतच नाहीत. एकाने 'पुढे आहे' म्हटलं की स्कूटर पुढे हाणतात. दुसऱ्याने 'मागं राह्यलं' म्हटलं की करकचून ब्रेक दाबतात आणि ओरडतात, "चिन्ह बदललं!" मग दोघांच्या बरोबर मध्यावर जाऊन तिसऱ्याला विचारतात. घर सापडतं. तोवर त्या घरचे आम्हाला शोधायला बाहेर पडलेले असतात, हा भाग वेगळा.

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात सर गणित शिकवतात, मी मराठी. 'क्ष'च्या जागी कोणता आकडा ठेवला की अख्खी बहुपदी शून्य होते, हे शोधणं म्हणजे सरांचा जीव की प्राण. "एक ठेवला, उत्तर अधिक आलं. दोन ठेवला, उणे आलं. मग शून्य कुठी?" वर्ग ओरडतो, "मधात!" "मग अर्धं करा अन् घुसा!" भिंतीपलीकडून हे इतकं ऐकलंय, की एकदा कविता शिकवताना माझ्याच तोंडून निघालं.

उन्हाळी धानाला पाणी नेणारा माझा जमिनीखालचा पाइप फुटला, तेव्हा मी बारा ठिकाणी खोदून बसलो होतो. सरांनी दर वेळी मध्यावर खोदून, पाणी तिथवर येतं का ते पाहत, स्वतःच्या चौथ्याच खड्ड्यात फुटकी जागा काढली. वर म्हणाले, "मराठीवाले अंदाजानं खोदून राह्यले!" मी माझे बारा खड्डे बुजवायला घेतले.

एप्रिलमधल्या एका दुपारी सर बनियनवरच माझ्या दारात आले. "सुमन घरात नाई."

सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दोनेक वर्षांपासून विसरू लागल्या आहेत. आधी गॅस बंद करायचं, मग नातेवाइकांची नावं. पण कडी काढून निघून जाण्याची ही पहिलीच वेळ. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी एकाच पायात चप्पल घालून रस्त्यावर धावलो.

"घाबरू नका भाऊ," सरच मला म्हणाले. "रस्ता अखंड आहे. माणूस मधातूनच गायब होत नाई."

चौकातला पानठेलेवाला म्हणाला, "बाई ना? गेल्या तलावाकडे." तलावावर जाळं विणत बसलेला ढिवर म्हणाला, "इथी कोनी आलं नाई जी."

"चिन्ह बदललं," सर म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

मध्यावर पिठाची चक्की होती. चक्कीवाल्याने वहिनींना पुढे जाताना पाहिलं होतं. चक्की आणि तलाव यांच्या मध्यावर लग्नाचा मांडव. आत शेवटची पंगत बसलेली, आणि अनोळखी बायकांच्या ओळीत वहिनी मजेत वरणभात कालवत होत्या.

सर मांडवाचा खांब धरून उभे राहिले. मग ते वहिनींच्या शेजारी जाऊन बसले.

वहिनींनी त्यांना नीट न्याहाळलं. "जेवून घ्या भाऊ. इतक्या उन्हाचे काऊन फिरून राह्यले? घरी बायको वाट पाहत असन ना?"

"असन," सर म्हणाले. डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

तेवढ्यात वाढपी आला. बनियनवरचा पाहुणा बघून त्याने विचारलं, "तुमी नवरदेवाकडचे का नवरीकडचे?"

सरांनी वहिनींकडे बोट दाखवलं. "मी या बाईकडचा," म्हणाले, आणि पत्रावळ पुढे केली.