रऊफभाईंचं सोबतचं पत्र

आमच्या ऑफिसातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली मी रऊफभाईंचं पत्र घडी करून घातलं. न वाचता.

ऑफिस म्हणजे औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. शेंद्र्याच्या कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवायचा आमचा धंदा. कंपनीतून फोन येतो, "तीस हेड पाहिजेत." मी तीस हेड पाठवतो. हेडसोबत हातपाय आपोआप जातात, ते वेगळे मोजायचे नसतात. अर्ज, आधारची झेरॉक्स, फोटो आणि पासबुक जमलं की आमच्या लेखी माणूस पूर्ण झाला. कंत्राटी माणसानं अर्जासोबत पत्र जोडावं का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, जोडू नये. कारण ते वाचायचं काम माझ्याकडे आहे आणि मी वाचत नाही.

रऊफभाई मात्र जोडायचेच. लासूर स्टेशनचा, पन्नाशी ओलांडलेला हा प्रेस ऑपरेटर. सात महिने झाले की कंपनी ब्रेक द्यायची, म्हणजे कामावरून कमी करायची, आणि दुसऱ्या दिवशी हे नवा अर्ज घेऊन आमच्या जिन्यात. वर नवं पत्र, आखीव कागदावर, काठाला काठ जुळवून घडी घातलेलं. मी स्टेपलर उचलला की हात आडवा घालायचे.

"नको साहेब, कागदाला लागतं."

मग खिशातून स्वतःची टाचणी काढायचे.

"अहो रऊफभाई, सात महिन्यांच्या कामाला पत्र कशाला?"

"बिनसलामाचं कुणाच्या घरात शिरता का तुम्ही? अर्ज म्हणजे मी आत आलो. पत्र म्हणजे सलाम."

"पण वाचतं कोण?"

"ते तुमच्याकडं. सलाम घ्यायचा का नाय, ज्याची त्याची मर्जी."

पहिलं पत्र मी वाचलं होतं, तेही मोठ्यानं, ऑफिसला करमणूक म्हणून. 'मला रंगखात्यात पाठवू नये, शिंका येतात. उंचीवर पाठवल्यास हरकत नाही, परंतु खाली बघण्यास सांगू नये. माझा स्वभाव बोलका आहे, ही गोष्ट सुपरवायझर साहेबांना आधी कळवावी.' आम्ही पोट धरून हसलो. त्यानंतरची पत्रं मी वाचली नाहीत, पण वायाही घालवली नाहीत. पाठकोरी असायची. त्यावर मी चहाची ऑर्डर लिहून खालच्या टपरीवर पाठवायचो, 'तीन साधे, एक बिनसाखर'. एकदा ते समोर बसलेले असताना टपरीवाला असलाच कागद परत घेऊन आला. रऊफभाईंनी तो उलटून पाहिला, आपलं अक्षर ओळखलं आणि माझ्यापुढं ठेवला. पुढच्या वेळेपासून मात्र ते दोन्ही बाजूंनी लिहायला लागले. मला वाटलं, वयानुसार माणूस पाल्हाळिक होतो.

त्याच सुमारास त्यांनी एकदा सांगितलं होतं, "इतक्या कंपन्या केल्या साहेब, एकीत बी माझं नाव नाय. गेटच्या रजिस्टरात तुमच्या ऑफिसचं नाव अन् म्होरं आकडा. पत्राखाली तरी मी सही करतो."

यावर मी "चहा घेणार?" असं विचारलं. माझ्याकडे उत्तर नसलं की मी चहा विचारतो.

तर गेल्या ब्रेकला त्यांनी आणलेलं पत्र दोन्ही बाजूंनी भरगच्च होतं. चहाला निरुपयोगी. ते टेबलाखाली गेलं आणि टेबल गप्प झालं. आठवड्यानं रऊफभाई कामाची चौकशी करायला आले तेव्हा कप जागचा हलेना.

"माशाल्ला! टेबल सुधारलं. काय केलं?"

"कागद घातला."

"चला, कागदाची कदर तर झाली," ते हसले. मीही हसलो.

त्यांच्या जागी मी दत्ताला पाठवलं होतं. दोन लेकरांचा बाप, कामाला वाघ. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर चार नंबरच्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीनं दुसऱ्या दिवशी प्रेस पुसून चालू केली आणि मला फोन केला, "एक हेड पाठवा."

त्या संध्याकाळी मी खाली वाकून पत्र ओढून काढलं.

'सा. न. वि. वि. चार नंबरची प्रेस तापली की डबल मारते. एकदा पायडल दाबलं तर दोनदा खाली येते, खास करून जेवणानंतर. सुपरवायझर साहेबांना दोनदा सांगितले. मी माल काढताना मध्ये लाकडी ठोकळा ठेवतो. तो ऑईलच्या ड्रममागे आहे. काल मला गेटवरच थांबवल्यामुळे नव्या माणसाला सांगता आले नाही. तो कोण, हे आपणासच माहीत असणार. कृपया त्यास सांगावे.' मागच्या बाजूला ठोकळा कसा धरायचा याचं चित्र होतं, हातासकट. हाताला पाचही बोटं काढलेली होती.

चौथ्या दिवशी रऊफभाई आले. रोज दवाखान्यात बसून दत्ताला हातानं भरवत होते, हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं.

"साहेब, माझं पत्र पोचलं होतं ना?"

"पोचलं होतं."

"मग कंपनीला माझं अक्षर लागलं नसंल. घाईत लिव्हलं मी. चूक माझीच."

या वेळी मी चहासुद्धा विचारला नाही.

त्यांनी नवा अर्ज पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्जाआधी पत्र वाचलं. दोनच ओळी होत्या. 'चार नंबरच्या प्रेसवर मलाच पाठवावे, तिची खोड मला माहीत आहे. दुसऱ्या कुणास पाठवू नये.'

"तुम्हाला नाही पाठवणार, रऊफभाई. प्रेस दुरुस्त होईपर्यंत कुणालाच नाही. आधी कंपनीला पत्र लिहितो, तुमचं पत्र सोबत जोडतो."

ड्रॉवरमधून मी ते जुनं पत्र काढलं. त्यांनी हात पुढे केला, म्हणून द्यावं लागलं. घडीच्या मधोमध टेबलाच्या पायाचा गोल काळा ठसा उमटला होता. रऊफभाईंनी ठशावरून अंगठा फिरवला. वाकून टेबलाखाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. खिशातून टाचणी काढून माझ्यापुढं ठेवली.

मी लिहायला लागलो. पहिलीच ओळ कागदावरून घसरत खाली गेली.

"टेबल फार हलतंय हो," मी म्हणालो.

"हलू द्या," रऊफभाई म्हणाले. "दत्ताची बोटं जाग्यावर होती, तवा हलायला पाहिजे होतं."