हेडक्लार्कांनी लावलेले दिवे

"मुलांचं काय, आपण वाट दाखवायची, त्यांनी चालायचं!" हेडक्लार्क कचेरीत सगळ्यांना बजावत. कचेरीतल्या निम्म्या लोकांच्या शाळा संपवलेल्या पोरांना त्यांनी रांगेने कॉमर्सला धाडलं होतं. आता पाळी घरच्या लेकीची होती, आणि तिने जेवताना शांतपणे जाहीर केलं, "बाबा, मी वायरमनचा कोर्स करणार."

हेडक्लार्कांनी घास ताटात परत ठेवला. "खांबावर चढणार तू?"

"चढेन की!"

झालं! तीन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. लेक खांबाच्या टोकाला आणि खाली आपण हात पसरून उभे, हेच चित्र सारखं डोळ्यांपुढे येई. चौथ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली. गुपचूप त्या प्रशिक्षण केंद्रात जायचं, तिथला सावळागोंधळ बघायचा आणि घरी येऊन ठणकावून नकार द्यायचा, असा बेत होता.

फाटकावरचा शिपाई म्हणाला, "प्रवेश परीक्षा ना? उशीर झाला काका, पळा!"

"अहो, मी नुसता बघायला..."

"आत जाऊन बघा की!"

आत शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज ऐकताच हेडक्लार्कांना आपला चौथीचा गणिताचा पेपर आठवला.

"लाजू नका, इथे वयाची अट नाही. हा बोर्ड, हे बटण, हा दिवा. दहा मिनिटांत लावून दाखवा!"

त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बाईंनी घड्याळ लावलंसुद्धा! शेजारची पोरं भराभर वायरी सोलत होती. हेडक्लार्कांनी बाह्या सरसावल्या. परीक्षेत कोरा कागद देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. वायरी दोन, बटणाला भोकंही दोन. यात शिकायचं काय एवढं? त्यांनी दोन्ही वायरी बटणात खोचल्या आणि ऐटीत बटण दाबलं.

फाट्! ठिणगी उडाली, पंखे थांबले, सगळ्या इमारतीतले दिवे गेले.

बाईंनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. हेडक्लार्क शाबूत होते, फक्त चष्मा कपाळावर चढला होता.

"बोर्डला कुणी हात लावू नका!" बाई म्हणाल्या. "आयता प्रश्न मिळालाय. पुढची तुकडी बोलवा! यांनी काय घोळ घातलाय ते शोधेल तो पास."

पाच जण आत आले. पाचवी उमेदवार म्हणजे हेडक्लार्कांची लेक! घरी न सांगता आलेली. बापलेक एकमेकांना बघून चोर सापडल्यासारखे उभे राहिले आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही.

पहिला म्हणाला, दिवा गेलाय. दुसऱ्याने पंख्याला दोष दिला. उरलेल्या दोघांनी नुसती डोकी खाजवली. लेक बोर्डवर वाकली. ती नापास झाली असती तर खरं म्हणजे काम फत्ते होतं. पण आपल्याच चुकीपायी आपली पोर हरणार, हे त्यांना सोसवेना. आता ती पास व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. ते भुवया उडवून दिव्याकडे खुणा करू लागले.

"काका, खाणाखुणा बंद!" बाई कडाडल्या. "तुम्हाला कळत असतं तर ही वेळच आली नसती."

"बाई, दिवा ठीक आहे," लेक म्हणाली. "यांनी दोन्ही वायरी बटणातच खोचल्यात. लाल वायर आधी बटणात आणि बटणातून पुढे दिव्याला जायला हवी. काळी थेट दिव्याला."

"शाब्बास! पास!" बाईंनी तिचा अर्ज उचलला. "पण इथे पालकांची सही नाही. आज शेवटचा दिवस."

लेकीने मान खाली घातली. "पास झाले तरच बाबांना विचारायचं ठरवलं होतं. ते... हेच."

सगळा वर्ग हेडक्लार्कांकडे वळला.

"तुमची हरकत आहे?"

"हरकत? छे छे! उलट तिचा सराव व्हावा म्हणून मीच मुद्दाम..." बोलता बोलता त्यांनी पेन काढलं. घाईघाईने सही ठोकली. "फक्त खांबावर चढताना पट्टा बांधायला सांगा हो तिला," ते हळूच म्हणाले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी अर्जावर शिक्का मारला. "काका, मग दर शनिवारी येत जा. दोष शोधायच्या तासाला दोष करणारा माणूस लागतोच आम्हाला. आणि तुमच्याइतका तयारीचा शोधून सापडायचा नाही!"

वर्ग खो खो हसला. हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि घसा खाकरला.

"किती वाजता येऊ?"